दख्खनचा माळ : साइक्सच्या नोंदी आणि ‘पडीक’ जमिनीची कल्पना

१

इ. स. १८२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ या नव्या पदावर नेमणूक केली. पेशवाईचा अंत होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे लोटली होती. खडकीच्या लढाईत साइक्स स्वतः हजर होता. जो मुलूख जिंकण्यात त्याचा हात होता, त्याच मुलखाची मोजदाद करण्याचे काम आता त्याच्याकडे आले. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याला नव्या प्रदेशाची साधार माहिती हवी होती. पुणे, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), खानदेश व धारवाड ही चार कलेक्टोरेटे साइक्सच्या कक्षेत येत होती. सातारा तेव्हा छत्रपती प्रतापसिंहांच्या राज्यात असल्यामुळे या पाहणीतून वगळला गेला होता. गावे, लोकसंख्या, जमिनीची धारणपद्धती, पिके व धारा यांची माहिती गोळा करणे हे या पदाचे मुख्य प्रयोजन होते. काटकसरीच्या धोरणामुळे १८२९ च्या अखेरीस हे पद रद्द झाले; तरीही हाती घेतलेले काम पुरे करण्यासाठी साइक्स १८३१ च्या आरंभापर्यंत दख्खनमध्येच राहिला.

या सहा-सात वर्षांच्या भ्रमंतीचे फळ दोन निरनिराळ्या स्वरूपांत उपलब्ध आहे. एकीकडे दख्खनच्या जमीनधारणेवरील निबंध आणि चार कलेक्टोरेटांच्या सांख्यिकीवरील विस्तृत अहवाल. दुसरीकडे सस्तन प्राणी (१८३१), पक्षी (१८३२) व मासे (१८३९) यांच्या याद्या, भूस्तरांवरील निबंध आणि वातावरणाचा दाब व हवामान यांवरील, लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध. एकाच माणसाने, एकाच प्रवासात, एकाच भूमीकडे दोन दृष्टींनी पाहिले. महसुली दृष्टीला जी जमीन नांगराखाली नव्हती ती ‘पडीक’ दिसत होती. निसर्गाभ्यासकाच्या दृष्टीला तीच जमीन शास्त्राला अज्ञात असलेल्या प्राण्यांनी भरलेली दिसत होती. पुढील दीडशे वर्षांत या दोन दृष्टींपैकी पहिलीच राज्यकारभारात रुजली. महाराष्ट्राच्या पठारावरील गवताळ माळांचे आणि तेथील प्राण्यांचे जे झाले, त्याची मीमांसा या घटनेपासून आरंभावी लागते.

२

साइक्सने पाहिलेला प्रदेश समजण्यासाठी प्रथम त्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरल्यामुळे डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकास ‘ट्रॅप’ हे नाव पडले. पठाराची पश्चिमेकडील कड म्हणजे सह्याद्री. तेथून जमीन पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. गोदावरी, भीमा व कृष्णा या नद्या अरबी समुद्रापासून जवळच उगम पावूनही त्याकडे पाठ फिरवतात आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतात.

या रचनेचा हवामानावरील परिणाम विलक्षण आहे. नैर्ऋत्येचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकतात. कड ओलांडल्यावर तेच वारे खाली उतरतात, उतरताना तापतात व कोरडे होतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास तो सुमारे सातशेंवर येतो. माण, सांगोला, इंदापूर, कर्जत या भागांत पाचशेच्या आसपास घोटाळतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या अंतरात पर्जन्यमान दशांशावर येण्याची अशी उदाहरणे फार थोडी. लोकांनी या भेदास फार पूर्वीच नावे दिली आहेत: घाटमाथा, त्याच्या पूर्वेच्या पायथ्याची मावळे, आणि त्यापुढे उघडा पसरलेला देश. मावळात भात, देशावर बाजरी व ज्वारी. मावळात मृगाच्या सरींची खात्री, देशावर हस्ताच्या पावसाची आशा. मावळ्याचा व देशावरच्या कुणब्याचा कृषिक्रम, आहार व घरबांधणी यांतील अंतर या एका नैसर्गिक रेषेशी निगडित आहे.

साइक्सने वायुभारमापकाच्या नोंदी नेटाने ठेवल्या. दिवसातून दोन वेळा वातावरणाचा दाब वाढतो व दोन वेळा उतरतो, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिकतम असतो, ही नियमित भरती-ओहोटी त्याने दख्खनच्या निरीक्षणांवरून मांडली. येथे महत्त्वाचा आहे तो निष्कर्षाहून त्यामागील विचार. दख्खनचे हवामान हे लहरी संकट नसून मोजता येण्यासारखी, स्वतःचे नियम असलेली वस्तू आहे, असे तो गृहीत धरत होता. हा विचार महसुली कारभारात उतरला असता तर देशावरील पावसाची अनिश्चितता हा अपवाद न मानता नियम मानला गेला असता. तसे झाले नाही.

३

आता त्याच्या प्राणिविषयक याद्यांकडे वळता येईल. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे मांडलेल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत साइक्सने शास्त्रीय नावाशेजारी मराठी नाव देण्याचा प्रघात ठेवला. ‘कॅनिस पॅलिपीस’ या नावाने त्याने वर्णिलेला प्राणी म्हणजे मराठ्यांचा लांडगा. ‘कॅनिस दख्खनेन्सिस’ म्हणजे कोळसुंदा, रानकुत्रा. ‘अँटिलोपी बेनेटाय’ हे नाव त्याने चिंकाऱ्यास मंडळाचे चिटणीस बेनेट यांच्या सन्मानार्थ दिले. घाटमाथ्याच्या सदाहरित रानातील शेकरूस त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले. भीमाशंकरच्या अरण्यातील हाच शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

पक्ष्यांची यादी याहून बोलकी आहे. तीत २३६ जातींची नोंद असून काही पक्ष्यांच्या पोटात कोणते अन्न आढळले तेही लिहिलेले आहे. नव्या जातींना नावे देताना साइक्सने एका चंडोलास ‘देव’, एका लहानशा वटवट्यास ‘राम’ आणि घाटमाथ्यावरील काळ्या बुलबुलास ‘गणेश’ अशी नावे बहाल केली. मोठ्या करड्या सातभाईस गव्हर्नर सर जॉन माल्कमचे नाव मिळाले. माशांच्या बाबतीत तर त्याने भोयांच्या तोंडचे शब्दच शास्त्रात नेऊन बसविले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीर जातीच्या माशाचे ‘खुद्री’ आणि दख्खनच्या नद्यांतील दुसऱ्या एका माशाचे ‘कोलस’ ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात रूढ आहेत. या नावांत एक साक्ष दडलेली आहे. यादी साइक्सची असली तरी ज्ञान एकट्या साइक्सचे नव्हते. शिकारी, भोई, धनगर व गावोगावचे लोक यांनी प्राणी दाखविले, ओळखले व त्यांची नावे सांगितली. त्यांची स्वतःची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांनी उच्चारलेले शब्द मात्र टिकले.

घाटमाथ्याचे प्राणी बाजूस ठेवले तर या याद्यांत एक निश्चित वर्ग उठून दिसतो. लांडगा, चिंकारा, काळवीट, माळढोक, चंडोल, माळावरचे लावे आणि गवतात राहणारे छोटे वटवटे हे सारे उघड्या, विरळ झाडीच्या, गवताळ भूमीचे रहिवासी होत. घनदाट अरण्यात चिंकारा राहत नाही; पायाने हिंडणाऱ्या, जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या माळढोकास दूरवर दृष्टी पोहोचेल असा मोकळा माळच लागतो. माळढोक त्या वेळी इतका सामान्य होता की एका इंग्रज गृहस्थाने दख्खनमध्ये असे हजार पक्षी मारल्याचे साइक्स नमूद करतो. हजार हा आकडा शिकारी बढाईचा मानून अर्ध्यावर आणला तरी त्यातून निघणारे अनुमान बदलत नाही. एवढी संख्या पुरविण्यास विस्तीर्ण व सलग माळ अस्तित्वात असलाच पाहिजे.

अर्थात् या पुराव्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. शिकारीच्या व संग्रहाच्या निमित्ताने केलेली यादी म्हणजे वनस्पतींची पाहणी नव्हे. शिवाय साइक्सने पाहिलेला माळ हा मूळचाच होता, की पूर्वीच्या अरण्याची तोड होऊन तयार झालेला अवशेष होता, हा प्रश्न केवळ १८३१ च्या यादीवरून सुटत नाही. त्यासाठी अधिक जुन्या साधनांकडे जावे लागते.

४

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची ही वसाहत. म. के. ढवळीकर यांच्या विवेचनाप्रमाणे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान अधिक रुक्ष झाले, शेतीचा आधार दुबळा झाला आणि उत्तरकालीन रहिवासी शेळ्या-मेंढ्यांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागले. म्हणजे पावसाच्या छायेतील या प्रदेशात शेती आटली की पशुपालनाने तिची जागा घ्यायची, हा क्रम तीन हजार वर्षांपूर्वीच दिसून येतो. ज्या भूमीत चरण्यास गवतच नाही, तेथे हा क्रम संभवत नाही.

मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचीही साक्ष याच दिशेची आहे. तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत व मौखिक परंपरेत आलेल्या वनस्पतींच्या उल्लेखांचा पद्धतशीर विचार करणारे एक संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पश्चिम महाराष्ट्राच्या पठारासंबंधी ज्या रानवनस्पती उल्लेखिलेल्या आढळल्या, त्यांपैकी बहुसंख्य उघड्या गवताळ रानातील आहेत. महानुभावांचे चरित्रग्रंथ लिहिणाऱ्यांना किंवा वारीच्या वाटेवर ओव्या रचणाऱ्यांना परिसरविज्ञानाचा पक्ष घ्यावयाचा नव्हता. वाटेत जे झाड दिसले ते त्यांनी सांगितले. म्हणूनच ही साक्ष मोलाची ठरते. निदान साडेसातशे वर्षे तरी देशावरचा माळ हा माळच होता, एवढे त्यावरून म्हणता येते.

मराठेशाहीच्या काळात या माळाचे स्थान केवळ निसर्गाचे नव्हते, ते राज्याच्या सामर्थ्याचे होते. मराठ्यांचे लष्कर प्रामुख्याने घोडदळाचे. पावसाळ्यात छावणी करावी, दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि कोरड्या ऋतूत मुलूखगिरी करावी, हा शिरस्ता पर्जन्यचक्रावर बेतलेला होता. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घोडी सुधारण्यासाठी आणि पुढे वैरण साठविण्यासाठी कुरणे राखून ठेवीत. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू काटक व अल्पसंतुष्ट म्हणून नावाजलेले होते. माणदेशच्या खिल्लार बैलाची चाल व धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची तग धरण्याची शक्ती यांचीही घडण याच गवतावर झाली. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते पहिल्या पावसाबरोबर उगवतात, आश्विनात पिकतात आणि उन्हाळाभर मुळांच्या रूपाने जमिनीखाली जिवंत राहतात. वर्षातील आठ महिने पिवळा व मृतवत् दिसणारा माळ वस्तुतः मृत नसतो. धनगर पावसाळ्यात देशावर राहून पावसाळा सरल्यावर कोकणाकडे उतरतात आणि पुन्हा परततात, तेही या चक्रास अनुसरूनच. शेतात मेंढरे बसवून खत घेण्याच्या रिवाजामुळे शेतकरी व धनगर एकमेकांना बांधलेले होते.

यावरून असे दिसते की, साइक्सने पाहिलेला माळ ओसाड नव्हता व निरुपयोगीही नव्हता. त्याचे धनी होते, त्याचे नियम होते, त्याचे उत्पन्न होते. मात्र ते उत्पन्न धान्याच्या मापात मोजण्यासारखे नव्हते.

५

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर प्रथम घोडदळ मोडले. सरदारांच्या पागा गेल्या, तसे कुरणांचे लष्करी महत्त्व गेले. नव्या सरकारला जमिनीपासून हवा होता तो रोख धारा; आणि धारा मिळतो नांगरलेल्या जमिनीपासून. गवत ज्या जमिनीवर उगवते ती या हिशेबात रिकामी जमीन ठरली. ‘पडीक’ हा शब्द जुन्या दप्तरांतही आहे. पण तेथे त्याचा अर्थ बहुधा लागवडीतून काही काळ बाहेर राहिलेली जमीन असा मर्यादित होता. नव्या व्यवस्थेत त्या शब्दाची व्याप्ती वाढली. जी नांगराखाली नाही ती सारी पडीक, आणि जी पडीक ती राज्याचे नुकसान, असे समीकरण तयार झाले.

साइक्स भ्रमंतीवर होता त्याच काळात पुणे कलेक्टोरेटात प्रिंगल याची जमीनपाहणी चालू होती. प्रिंगल हा रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताने प्रभावित झालेला अधिकारी. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न ठरवून त्याचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यावा, ही त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. पण मावळातील निश्चित पाऊस व इंदापुरातील अनिश्चित पाऊस यांतील भेद कोणत्याही सरासरीत सामावण्यासारखा नव्हता. भाव उतरले, पाऊस चुकला आणि इंदापूर तालुक्यातील रयत गावे सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना नवी पाहणी करावी लागली. त्यांनी सिद्धांत बाजूस ठेवून जमिनीची प्रतवारी व्यवहाराच्या अंगाने लावली, धारा उतरविला व तीस वर्षांची मुदत दिली. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीचा पाया असा इंदापूरच्या माळावर घातला गेला.

विंगेटची व्यवस्था प्रिंगलच्या मानाने निःसंशय सौम्य होती. परंतु तिचेही उद्दिष्ट पडीक जमीन लागवडीस आणणे हेच होते आणि त्यात ती यशस्वी झाली. धारा हलका असल्यामुळे मुरमाड बरडावरही नांगर फिरू लागला. चांगली वर्षे होती तोपर्यंत हा विस्तार समृद्धीसारखा दिसला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा तो आणखी वेगाने झाला. पुढे भाव कोसळले. १८६७ पासूनच्या फेरपाहणीत धारा वाढला. सावकारी कर्जाचा बोजा असह्य झाला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंग्याला तोंड फुटले. त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. या घटनांची कारणपरंपरा अनेकपदरी आहे आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तिची चर्चा विस्ताराने केलेली आहे. त्या चर्चेत एका कारणाची भर घालणे अवश्य आहे. जी जमीन शतकानुशतके अवर्षणात जनावरे जगविण्याच्या कामी येत होती, तीच नांगराखाली गेल्याने अवर्षणाचा आघात सोसण्याची गावाची शक्ती कमी झाली. चांगल्या वर्षी मिळालेले धान्य दिसत होते. वाईट वर्षी न मिळालेल्या वैरणीचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

यानंतरच्या घडामोडी या एका विचाराच्याच पायऱ्या होत. हिंस्र पशूंच्या निर्मूलनासाठी सरकारी बक्षिसे लागली; त्यांत लांडगा हा मुख्य बळी ठरला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानांची व्यवस्था घट्ट केली. पण त्या व्यवस्थेच्या डोळ्यांपुढे लाकूड देणारे अरण्य होते, गवत देणारा माळ नव्हता. १८८० नंतरच्या दशकात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापुराकडे खेळू लागले आणि माळाच्या काही भागात ऊस उभा राहिला. १९३६ मध्ये चॅम्पियन याने भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात अशा गवताळ प्रदेशांकडे मुख्यतः तोड, चराई व वणवा यांमुळे हीन झालेली अरण्ये म्हणूनच पाहिले गेले. महसुली ‘पडीक’ जमिनीला शास्त्रीय आधार मिळाला तो असा. प्रथम ती नांगराविना पडीक होती, आता ती झाडांविना पडीक ठरली.

स्वातंत्र्यानंतरही ही कल्पना बदलली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि विशेषतः १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाल्यावर वृक्षारोपणास जोर आला. गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परदेशी झाडांची लागवड माळांवर होऊ लागली. वेडी बाभूळ तर एकदा शिरली की हटत नाही. हेतू लोककल्याणाचा होता, यात शंका नाही. परंतु पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उभी केलेली झाडी अरण्य झाली नाही, आणि माळ मात्र माळ राहिला नाही.

६

साइक्सच्या यादीतील प्राण्यांचे पुढे काय झाले, हे थोडक्यात पाहिले म्हणजे या इतिहासाची किंमत कळते. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. त्यात शेते होती, गावे होती, शहरेही होती. निर्बंधांमुळे जनतेत असंतोष माजला आणि पुढे फेरआखणी होऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. दोन्ही आकडे एकाच अडचणीचे द्योतक आहेत. सलग माळ उरलेलाच नव्हता, म्हणून कागदावर तो प्रथम अफाट काढावा लागला व नंतर आखडावा लागला. ज्या दख्खनमध्ये एका शिकाऱ्याच्या नावावर हजार माळढोक जमा होते, तेथे आज हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. साऱ्या देशात मिळून त्यांची संख्या दीडशेच्या आत आली आहे.

सगळेच चित्र निराशेचे नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी आणि बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर नावाने चिंकाऱ्यांसाठी लहान अभयारण्ये झाली. मयूरेश्वरचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. १८३१ मध्ये ज्या चिंकाऱ्याला दख्खनच्या भूमीवरून शास्त्रीय नाव मिळाले, तो आज ज्या सुप्याच्या माळावर टिकून आहे, तेथेच १८७५ मध्ये कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दोन्ही घटना एकाच कोरड्या भूमीच्या इतिहासात मोडतात, याची जाणीव मात्र दोन निरनिराळ्या ग्रंथांत विभागली गेली आहे. लांडगाही पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळांवर धनगरांच्या कळपांच्या मागावर अजून हिंडतो. अलीकडच्या वर्षांत इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीसारख्या गावी वनखात्याने गवताळ प्रदेश पाहण्यास येणाऱ्यांची सोय केली आहे. ज्या तालुक्यातील पडीक जमीन नांगराखाली आणणे हे विंगेटच्या यशाचे प्रमाण मानले गेले, तेथेच उरलेली पडीक जमीन आता पाहण्याजोगी ठरली आहे.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य काढताना दोन टोकांपासून दूर राहणे इष्ट होय. इंग्रजी अंमलापूर्वीचा माळ हा नंदनवन होता, असे म्हणण्यास आधार नाही; १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने दाखविलेली भीषणता कोणत्याही कुरणाने टळलेली नव्हती. तसेच शेतीचा विस्तार हा निव्वळ अपराध होता, असेही म्हणता येणार नाही. वाढत्या लोकसंख्येस धान्य हवे होते आणि ते देशावरच्या कुणब्याने अपार कष्टाने पिकविले. प्रश्न आहे तो मोजमापाचा. राज्य ज्या मापाने जमीन मोजते, त्या मापात जे बसत नाही ते हळूहळू डोळ्यांआड होते व शेवटी खरोखरच नाहीसे होते. साइक्सच्या दप्तरात दोन्ही मापे शेजारी शेजारी होती: एका कागदावर बिघे व रुपये, दुसऱ्यावर लांडगा, चिंकारा, चंडोल आणि त्यांची मराठी नावे. पहिला कागद सरकारी कचेरीत गेला, दुसरा लंडनच्या विद्वत्सभेत. महाराष्ट्राच्या भूमीचा इतिहास लिहिताना हे दोन्ही कागद पुन्हा एकत्र आणून वाचणे, आणि त्यांच्या जोडीला धनगराच्या वाटा, ओव्यांतील झाडे व इनामगावची हाडे यांची साक्ष घेणे, हे काम अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे. सौरऊर्जेचे व औद्योगिक वसाहतींचे प्रकल्प आज पुन्हा ‘पडीक’ जमिनीच्याच शोधात माळांकडे वळत असताना त्या कामास विलंब परवडणारा नाही.